तात्यांच्या नावातला रफार

वाचकहो, अक्षरांच्या धंद्यात एका रफाराची किंमत किती असते, हे आम्हाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. ते कसे कळले आणि त्यासाठी आम्हाला पुन्हा कॉलेजची पायरी का चढावी लागली, ते आज सांगायचे आहे. तुमच्या घरातला एखादा मुलगा, एखादी मुलगी या वाटेने जाणार असेल तर त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आमच्या वस्तीत विहाराच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्या फळ्यावर तीस वर्षे एकाच माणसाचे अक्षर होते, ते म्हणजे तात्यांचे. सभेची वेळ, रक्तदान शिबिर, दहावी-बारावीत पास झालेल्या मुलांची नावे, कोणाच्या घरचे लग्न, कोणाच्या घरचा जलदान विधी, सगळे तात्याच लिहीत. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. पण खडू काही सुटला नाही. कोणाचेही नाव फळ्यावर लिहिण्याआधी ते त्या घरी जाऊन विचारून येत, "बाळ, तुझ्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी?" लोक हसत. तात्या म्हणत, "गरिबाला आयुष्यात एकदाच आपले नाव चारचौघांत वाचायला मिळते. ते तरी बरोबर असू दे."

तात्या गेले. पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्या आठवणींची बत्तीस पानी पुस्तिका काढायचे मंडळाने ठरवले. आम्ही कचेरीतले कारकून, बी.कॉम. झालेले, चार ओळी नीट लिहिणारे, म्हणून काम आमच्यावर आले. वीस-बावीस जणांकडून मजकूर गोळा केला, कचेरी सुटल्यावर रात्री बसून तो संगणकावर टाइप केला आणि छापखान्यात नेऊन दिला. स्मृतिदिनाच्या सकाळी पाचशे प्रती आल्या. पहिली प्रत अर्थातच काकींच्या हातात दिली.

काकी लहानपणी शाळेत गेलेल्या नाहीत. लग्नानंतर तात्यांनीच त्यांना रात्री कंदिलाशी बसवून अक्षरे शिकवली. त्या वाचतात त्या बोट ठेवून, एकेक अक्षर सावकाश. त्यांनी मुखपृष्ठावर बोट ठेवले, नाव वाचले, आडनावाशी थांबल्या, आणि हळूच विचारले, "ह्यांच्या आडनावावरचा रफार कुठे गेला?"

मंडपात पाचशे माणसे होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे आम्हाला वाटले. ज्या माणसाने तीस वर्षे वस्तीतल्या प्रत्येकाचे नाव बरोबर लिहिले, त्याच्याच आठवणींच्या पुस्तकावर त्याचे नाव चुकले होते.

सही आमचीच होती

दुसऱ्या दिवशी तावातावाने छापखान्यात गेलो. मालकाने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि कपाटातून एक फाइल काढून पुढे ठेवली. त्यात छपाईपूर्वीचे प्रूफ होते. मुखपृष्ठावर रफार नसलेले आडनाव होते आणि खाली आमची सही होती, 'छापावे'. कचेरीत रोज पन्नास कागदांवर सह्या करायची सवय, त्याच सवयीने केलेली सही! चूक कोणाची, याचा निकाल तिथेच लागला.

पण एक प्रश्न मनातून जाईना. आम्ही टाइप केलेल्या फाइलमध्ये रफार होता, तो प्रूफमध्ये गळला कसा? आतही नऊ ठिकाणी तेच झाले होते. 'कार्यालय'चे 'कायालय', 'विद्यार्थी'चे 'विद्याथी', 'वर्षावास'चे 'वषावास'. आणि गंमत पाहा, 'धर्म' आणि 'मार्ग' हे शब्द मात्र शाबूत होते! छापखान्यातल्या मुलालाही हे कोडे उलगडेना. "कन्व्हर्टरने खाल्ले असेल," एवढेच तो म्हणाला.

त्याच महिन्यात आमच्या उपनगरातल्या एका कॉलेजाच्या दारावर पाटी दिसली. डीटीपी आणि मुद्रण संकल्पनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, मुदत सहा महिने, शनिवार-रविवार. घरी विषय काढला. पत्नी म्हणाली, "अहो, पोराच्या फीची तारीख तोंडावर आली आणि आता तुम्ही कॉलेजात निघालात?" थोडा वेळ गप्प राहून तीच पुढे म्हणाली, "जा. नाहीतर काकींच्या घरावरून जाताना मान खाली घालून जात राहाल." आम्ही नाव घातले.

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात एका मुलाने अडवले. "काका, पालकांची सभा पुढच्या आठवड्यात आहे." आम्ही म्हणालो, "बाळ, आम्हीच विद्यार्थी आहोत." वर्गात हशा पिकला. पण पुढे हीच मुले आम्हाला कळफलकावरच्या युक्त्या शिकवीत आणि आम्ही त्यांची प्रुफे वाचून देत असू. देवाणघेवाण बरोबरीची झाली.

कागदाची घडी

आमची समजूत अशी की डीटीपी म्हणजे संगणक. पण शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी संगणक सुरूच केला नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि तीन वेळा घडी घालायला सांगितले. झाली आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे. त्यांच्यावर एक ते सोळा आकडे घातले आणि कागद पुन्हा उलगडला. पाहतो तर आकडे विस्कटलेले, काही उलटे! पण घडीच्या कण्याशी शेजारी आलेल्या पृष्ठांची बेरीज करा, असे मॅडम म्हणाल्या. एक आणि सोळा, सतरा. दोन आणि पंधरा, सतरा. तीन आणि चौदा, सतरा. ताळेबंद जुळल्यावर कारकुनाला जो आनंद होतो, तो आम्हाला त्या दिवशी झाला. छापखान्यात 'फर्मा' म्हणतात तो हाच. मधोमध पिन मारलेली बत्तीस पृष्ठांची पुस्तिका असेल तर उलगडलेल्या कागदावर घडीच्या कण्याशी शेजारी आलेल्या पृष्ठांची बेरीज तेहतीस यायला हवी. मुलांना घरी करून दाखवा, त्यांना जादूसारखे वाटेल.

याच घडीवरून कागदाचा हिशेबही कळतो. डेमी कागद साधारण अठरा बाय तेवीस इंचांचा. त्याच्या तीन घड्या घालून कडा कापल्या की साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पुस्तक होते, त्यालाच डेमी अष्टमांश म्हणतात. एका कागदात सोळा पृष्ठे, म्हणजे बत्तीस पृष्ठांना दोन कागद. पाचशे प्रतींना एक हजार कागद, म्हणजे पाचशेच्या दोन रिमा. त्यात छपाईत वाया जाणारे थोडे कागद मिळवायचे. एकतीस किंवा तेहतीस पृष्ठांची पुस्तिका का निघत नाही, हेही आपोआप समजते. पिनेच्या पुस्तिकेची पृष्ठे चाराच्या पटीतच असावी लागतात. वर्गणीच्या पैशांतून स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक मंडळाला एवढे गणित यायला हवे. ते आले की दरपत्रक वाचता येते आणि विनाकारण संशयही येत नाही.

अक्षर, फोटो आणि निळा रंग

नंतर अक्षरांची मापे शिकलो. संगणकावर एका इंचात बहात्तर पॉइंट धरतात, आणि बारा पॉइंटांचा एक पायका. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या आणि पायाशी उकार येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. बारा पॉइंटांचे अक्षर असेल तर ओळ सोळा-सतरा पॉइंटांवर ठेवावी. आम्ही आमच्या पुस्तिकेत जागा वाचवायला दहा पॉइंटांचे अक्षर दाटीवाटीने कोंबले होते. वाचणारे कोण? तात्यांच्या वयाची, चष्मेवाली माणसे! दोन आठवणी कमी छापल्या असत्या तरी चालले असते, पण सगळ्या आठवणी वाचता येणार नाहीत अशा छापून काय साधले?

फोटोचेही तसेच. चांगल्या छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. तुमचा फोटो सोळाशे पिक्सेल रुंद असेल तर सोळाशेला तीनशेने भागा, उत्तर आले सव्वापाच इंचांच्या थोडे वर. तेवढाच तो नीट छापला जाईल. मोबाइलवरून चारदा इकडून तिकडे गेलेला फोटो मध्येच लहान होतो. तो ताणून पानभर केला की चेहरा पुसट होतो. मूळ फोटो मागून घ्यावा, कागदावरचा जुना फोटो असेल तर तो नीट स्कॅन करावा.

आणि आता एक गोष्ट, जी आमच्या सगळ्या मंडळांनी भिंतीवर लिहून ठेवावी. पोस्टरवरचा निळा छापून आल्यावर जांभळा का होतो? पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे असतात, तर कागदावरचे रंग सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंचे. पडद्यावर झगमगणारा निळा शाईत तसाच उतरत नाही. त्यातून सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर टाकले की निळा जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावे. वर्षानुवर्षे १४ एप्रिलच्या पोस्टरांवरून आम्ही छापखानेवाल्यांशी भांडलो, त्यातली निम्मी भांडणे या एका वाक्याने मिटली असती.

बारीक अक्षरे नेहमी एकाच काळ्या शाईत ठेवावीत. चार शाईंचा काळा केला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराला सावली पडते. कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर तो कापण्याच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी चीर दिसते. एवढेसे नियम, पण पाळले नाहीत तर पाचशे प्रती रद्दीत जातात.

रफार कोणी खाल्ला?

चौथ्या महिन्यात आमचे कोडे सुटले. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या पोटी ते भलतेच अक्षर असे. म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की गिचमिड होई. युनिकोडमध्ये तसे नाही. १९९१ साली आलेल्या या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, जगभर एकच असा क्रमांक आहे.

आता रफार पाहा. 'र्या' हे आपण बोलतो तसे युनिकोडमध्ये लिहिले जाते. आधी पाय मोडलेला र, मग य, मग काना. जुन्या फॉन्टमध्ये मात्र रफार हा एक सुटा आकार, तो हाताने लिहिल्याप्रमाणे सर्वांत शेवटी यायचा. म्हणजे युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफाराला उचलून य आणि काना या दोघांवरून पलीकडे उडी मारायला लावावी लागते. आमच्या छापखान्यातल्या कन्व्हर्टरला एका अक्षरावरून उडी मारता येत होती, अक्षर आणि काना-वेलांटी असे दोघांवरून येत नव्हती. म्हणून 'धर्म' वाचला आणि 'कार्यालय' बुडाले. तात्यांच्या आडनावात रफार आणि काना एकाच अक्षरावर होते, म्हणून तेही बुडाले.

आम्ही वर्गात उभे राहून ही गोष्ट सांगितली. मघापर्यंत मोबाइल चाळणारी मुलेही गप्प झाली. मॅडम म्हणाल्या, "यंत्र चुकते तेव्हा ते नियमाने चुकते. माणसाने तो नियम शोधायचा आणि तेवढीच जागा दहा वेळा तपासायची." कचेरीतल्या पंचवीस वर्षांत एवढे उपयोगी वाक्य आम्ही ऐकले नव्हते.

खिळ्यांपासून पडद्यापर्यंत

या विद्येला मोठा इतिहास आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, त्यांच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ती देशभर होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' सुरू करून कष्टकऱ्यांची बाजू छापील अक्षरांत आणली. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' काढले, आणि 'जनता'चेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. नुसते पत्र काढून भागत नाही, छापखानाही आपला हवा, हे ओळखून त्यांनी भारत भूषण छापखाना उभा केला. तेव्हा खिळे जुळवणारे कंपोझिटर दिवसभर उभ्याने शिशाची अक्षरे वेचीत. एका पानाला तासच्या तास लागत.

१९८५ साली अमेरिकेत ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आले, त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर आला, आणि पानाची मांडणी टेबलावर होऊ लागली. डेस्कटॉप पब्लिशिंग हे नाव तेव्हापासूनचे. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने आणि मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीने मराठी अक्षरे संगणकावर रुळवली. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट ज्यांनी रेखला ते र. कृ. जोशी आपल्या मुंबईतलेच सुलेखनकार. खिळे वितळले, कंपोझिटर घरी बसले. पण एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे शुद्ध वाचणारा डोळा. त्याची गरज तेव्हा होती, आजही आहे.

मुलामुलींना या वाटेने पाठवताना

पालकांनी आणि मुलांनी प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. पहिली, कोणते सॉफ्टवेअर शिकवतात? पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली निघाली, तिची जागा इनडिझाइनने घेतली. आजही नुसते पेजमेकरच शिकवत असतील तर पैसे जपून खर्च करा. दुसरी, मराठी युनिकोडमध्ये शिकवतात का? इनडिझाइनमध्ये मराठीसाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. हे शिकवणाऱ्याला माहीत असेल तर वर्ग चांगला समजावा. तिसरी, छापखान्यात नेऊन प्लेट, यंत्र, कटिंग, बाइंडिंग दाखवतात का? पडद्यावरच शिकलेला मुलगा कागदापुढे अडतो.

पैशांची अडचण असेल तर स्क्रायबस, इंकस्केप, गिम्प ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, आणि 'मुक्ता'सारखे सुबक मराठी फॉन्टही मोफत आहेत. पायरीपायरीने शिकायचे तर आयटीआयमध्ये दहावीनंतर डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत मुद्रणाची पदविका आहे, आणि चित्रकलेत हात असेल तर सर ज. जी. उपयोजित कला संस्थेची परीक्षा द्यावी.

खोटी आशाही दाखवू नये. नुसत्या टाइपिंगवर आता पोट भरत नाही. लग्नपत्रिका मोबाइलवरही तयार होते. पण पुस्तक लावणे, पाठ्यपुस्तक, कोष्टके, वेष्टनांची मांडणी, दोन-तीन भाषांतले काम आणि बिनचूक मराठी ज्याला येते, त्याला काम मिळते. आमच्याच वर्गातल्या एका मुलीने शेवटच्या महिन्यात एका प्रकाशकाचे काम घरी आणले, ते तिच्या मराठीच्या जोरावर.

आणि घरोघरी पाळता येईल असा एक नियम. कोणतीही पत्रिका, स्मरणिका, निमंत्रण छापण्यापूर्वी त्यातली सगळी नावे वेगळ्या कागदावर उतरवा आणि ज्याचे नाव त्याला दाखवा. प्रूफ तिघांनी वाचावे, आणि टाइप करणाऱ्याने एकट्याने कधीच वाचू नये, कारण त्याला कागदावरचे दिसत नाही, मनातलेच दिसते. ही युक्ती आमची नव्हे. तात्या खडू हातात घेण्याआधी हेच करीत असत.

तात्यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला पुस्तिका पुन्हा काढली. या वेळी मांडणी आम्ही केली. अक्षर चौदा पॉइंटांचे, चार आठवणी लेखकांच्या संमतीने आटोपशीर केलेल्या, फोटो काकींच्या पेटीतल्या मूळ प्रतीवरून घेतलेला. छापखाना तोच. मालकाने कागदाचे पैसे घेतले, प्लेटचे घेतले नाहीत. प्रूफ हातात आल्यावर आम्ही सही केली नाही. ते घेऊन काकींच्या घरी गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवले.

काकींनी चष्मा लावला. मुखपृष्ठावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. आडनावाशी बोट थांबले, वर रफारापर्यंत गेले. मग त्यांनी सगळी बत्तीस पाने वाचली. त्याला दीड तास लागला. आम्ही बसून राहिलो. विसाव्या पानावर त्यांनी एक चूक काढलीच. आमच्याच नावातली वेलांटी पहिल्याऐवजी दुसरी पडली होती!

"तुमचे तात्या असते तर त्यांनी आधी घरी येऊन विचारले असते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. प्रुफाखाली आम्ही त्यांना सही करायला सांगितली. 'छापावे' हा शब्दही त्यांनीच लिहिला, एकेक अक्षर सावकाश.

वाचकहो, विहाराच्या दारावरचा फळा आता वस्तीतली मुले आळीपाळीने लिहितात. खडू हातात घेण्याआधी ती घरोघर जाऊन विचारून येतात. तुमच्या वस्तीतही असा एक फळा असेल, आणि नसेल तर लावा. त्यावर नीट लिहिणारी चार मुले तयार करा. संगणक, छपाई, रंग, कागद हे सगळे सहा महिन्यांत शिकता येते. दुसऱ्याचे नाव आपल्या नावाइतके जपून लिहायची सवय मात्र लहानपणापासून लावावी लागते.